कारण न देणारी सनद

दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी पद्म सन्मानांची यादी जाहीर होते आणि पुढचे चार-आठ दिवस वृत्तपत्रांतून एक ठरलेला वाद रंगतो. अमक्याला का दिला, तमक्याला का नाही, हा त्याचा आशय. सन्मान भारतरत्न असेल आणि तो एखाद्या राजकीय नेत्याला मिळाला असेल, तर वादाची धार वाढते आणि त्याला दोनच बाजू उरतात. एका बाजूला त्या नेत्याचे अनुयायी. त्यांच्या मते सन्मान मिळाला म्हणजे जुने सारे आक्षेप निकालात निघाले. दुसऱ्या बाजूला विरोधक. त्यांच्या मते आक्षेप आहेत म्हणून सन्मानाचा विचारच व्हायला नको होता. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार ओळखीचा वाटावा. लेखकाच्या गौरवग्रंथात आणि त्याच्यावरच्या टीकालेखात एकच लेखक दोन वेगळ्या व्यक्तींसारखा दिसतो, आणि समीक्षा मात्र दोन्हींत नसते.

वादग्रस्त कारकीर्द असलेल्या नेत्याला राष्ट्रीय सन्मान देऊ नये, असे माझे मत नाही. माझा आक्षेप वेगळ्या गोष्टीला आहे. आपली राज्यसंस्था सन्मान देते, पण तो कशासाठी दिला हे लिहून देत नाही. हा मुद्दा तांत्रिक वाटेल. महाराष्ट्रापुरते एक उदाहरण घेतले की तो तसा राहत नाही.

मोरारजी देसाई यांना १९९१ साली भारतरत्न मिळाले. त्याच वर्षी सरदार पटेल आणि राजीव गांधी यांनाही ते मरणोत्तर देण्यात आले. संयुक्त महाराष्ट्राचे साहित्य शिकवताना मी ही गोष्ट वर्गात सांगतो, तेव्हा विद्यार्थ्यांना ती खरी वाटत नाही. १०६ हुतात्मे त्यांना ठाऊक असतात, हुतात्मा चौक ठाऊक असतो, अमर शेखांचा आवाज कोणीतरी ऐकवलेला असतो. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याच्या घोषणेनंतर पुन्हा रक्त सांडले, आणि त्या काळात मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी होते. बेळगाव आणि निपाणी हे भागही तेव्हा मुंबई राज्यातच होते. तिथेही त्याच जानेवारीत माणसे पडली. १७ जानेवारीला सीमाभागात आजही हुतात्मा दिन पाळतात. कोल्हापूरहून निपाणी एसटीने तासाभराच्या अंतरावर आहे, त्यामुळे आमच्याकडे हा इतिहास पुस्तकातला उरलेला नाही. ऑगस्ट १९५६ मध्ये अहमदाबादेत महागुजरात आंदोलकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हाही मुख्यमंत्री तेच होते. म्हणजे या बाबतीत मराठी आणि गुजराती माणसांची तक्रार एकच होती. आज ती क्वचितच एकत्र सांगितली जाते.

आता याच माणसाची दुसरी बाजू पाहा. १९३० साली ब्रिटिशांची डेप्युटी कलेक्टरची नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. आणीबाणीत वयाच्या ऐंशीच्या घरात एकोणीस महिने स्थानबद्ध राहिले. पंतप्रधान झाल्यावर त्यांच्या सरकारने १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती केली. ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे कारण त्या दुरुस्तीने काढून टाकले आणि जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही अशी तजवीज केली. आज आपण ज्या निर्धास्तपणे लिहितो-बोलतो, त्यात या दुरुस्तीचा वाटा आहे. हे मराठी माणसाने मोकळेपणाने मान्य करायला हवे.

मग भारतरत्न कोणत्या मोरारजींना मिळाले? १९५६ च्या मुख्यमंत्र्याला की १९७८ च्या पंतप्रधानाला? सनद काही सांगत नाही. ज्याच्या घरचे कोणी फाउंटनला पडले त्याने असे समजावे का, की राष्ट्राने त्या गोळीबारावरही मोहोर उमटवली? तशी समजूत करून घेण्यास सनदेत कोणतीच आडकाठी नाही, आणि नेमके हेच मला खटकते. त्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी ही मागणी तेव्हाच झाली होती आणि ती मान्य झाली नाही. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ साली राजीनामा देताना संसदेत हा विषय स्पष्ट शब्दांत मांडला. ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद करणारा हा विद्वान प्रशासक एरवी शब्द जपून वापरणारा, तरी त्यांनी पंतप्रधानांची भीड ठेवली नाही. चौकशी झाली असती तर दोष कोणाचा आणि किती, हे कागदावर आले असते. ते आले नाही. पस्तीस वर्षांनी कागदावर आले ते राष्ट्रपतींची स्वाक्षरी असलेले सन्मानपत्र. जिथे निकालपत्र असायला हवे होते तिथे सनद येऊन बसली, असे त्या कुटुंबांना वाटले तर त्यांना दोष कसा द्यावा? (देशमुखांना १९७५ साली पद्मविभूषण मिळाले. तेही अर्थातच कारणाविना. त्यांच्या राजीनाम्याचा उल्लेख सरकारी सन्मानात होणे तसे अवघडच होते.)

यातला सर्वांत मोठा उपरोध मोरारजींच्याच वाट्याला आला. १९७७ च्या जुलैत त्यांच्या सरकारने हे सारे नागरी सन्मान बंद केले होते. इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्यावर जानेवारी १९८० मध्ये ते सुरू झाले. जो सन्मान त्यांच्या राजवटीने मोडीत काढला, तोच त्यांनी पुढे स्वीकारला. आदल्या वर्षी पाकिस्ताननेही आपला सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना दिला होता. यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी माणसे पुष्कळ गोष्टी नाकारण्याचे कष्ट घेत नाहीत.

भारतरत्नाचे नियम पाहिले तर ही मूकता अपघाताने आलेली नाही हे कळते. १९५४ साली हा सन्मान सुरू झाला, तेव्हा कला, साहित्य व विज्ञान यांतील असामान्य कार्य आणि सर्वोच्च दर्जाची लोकसेवा ही त्याची क्षेत्रे होती. डिसेंबर २०११ मध्ये निकष बदलून ‘मानवी प्रयत्नांचे कोणतेही क्षेत्र’ अशी व्याप्ती झाली. (‘साहित्य’ हा शब्द तेव्हाच नियमातून गेला. त्याचे फार दुःख करण्यात अर्थ नाही. तो होता तेव्हाही केवळ ललित लेखनासाठी हा सन्मान कोणाला मिळाला नव्हता.) पंतप्रधान राष्ट्रपतींकडे शिफारस करतात, त्यासाठी औपचारिक प्रस्ताव लागत नाही, निवड समिती नाही, आणि कारणे देण्याचे बंधन तर नाहीच. सन्मानासोबत पैसे नसतात, एक पदक आणि एक सनद असते. १९९५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हे सन्मान राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदात निषिद्ध ठरवलेले किताब नव्हेत असा निर्वाळा दिला. पण त्याच निकालात निकष फार सैल आहेत, त्यांचा दुरुपयोग होऊ शकतो, हेही न्यायालयाने सुनावले. पद्म सन्मानांत निदान क्षेत्राचे नाव असते. शरद पवार यांना २०१७ साली पद्मविभूषण मिळाले, त्यापुढे ‘सार्वजनिक कार्य’ असे क्षेत्र होते. पाच दशकांच्या राजकारणाचे मूल्यमापन या दोन शब्दांत झाले असे कोणाला वाटत असेल, तर त्याने मराठीच्या पदव्युत्तर परीक्षेचे पेपर एकदा तपासायला यावे. तिथे ‘उत्तम कादंबरी’ एवढ्याच उत्तराला आम्ही गुण देत नाही.

अलीकडे घोषणेसोबत पंतप्रधानांच्या चार ओळी समाजमाध्यमांवर प्रसिद्ध होतात. त्या वाचल्या तर त्यांचा सूर अभिनंदनाचा असतो. अभिनंदन आणि कारणमीमांसा हे दोन वेगळे लेखनप्रकार आहेत.

या चर्चेत सतत येणारा ‘वादग्रस्त’ हा शब्द थोडा उलगडून पाहण्यासारखा आहे. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, ग्रहणग्रस्त या शब्दांच्या रांगेत आपण वादग्रस्ताला बसवले आहे. पंचगंगेला पूर आला की आमच्याकडे पूरग्रस्तांचे पंचनामे होतात. पुरात सापडलेल्या माणसाचा त्यात काही दोष नसतो. वादग्रस्त नेताही असाच, कुठून तरी आलेल्या वादात सापडलेला, अशी समजूत या शब्दाने नकळत होते. प्रत्यक्षात या एका शब्दाखाली आपण दोन अगदी भिन्न प्रकारची माणसे गोळा करतो. जोतीराव फुले वादग्रस्त होते. बाबासाहेब आंबेडकर वादग्रस्त होते. त्यांना भारतरत्न मिळायला १९९० साल उजाडावे लागले. या दोघांनी वाद निर्माण केला, कारण प्रस्थापित व्यवस्थेला त्यांनी प्रश्न विचारले आणि त्याची किंमत स्वतः मोजली. दुसऱ्या प्रकारात सत्तेच्या खुर्चीवर बसून आदेश देणारे किंवा आदेश निघत असताना गप्प बसणारे लोक येतात. त्यांच्या वादाची किंमत इतरांनी मोजलेली असते. या दोघांना एकच विशेषण लावले की पहिल्याचे तेज दुसऱ्याला उसने मिळते. ‘मोठ्या माणसांवर टीका होतेच’ हे वाक्य मग फुल्यांसाठीही चालते आणि गोळीबाराच्या आदेशासाठीही.

कोल्हापुरात बसून हे लिहिताना शाहू महाराजांचा विचार अटळ आहे. ब्रिटिश सरकारने त्यांना जी.सी.एस.आय. हा किताब दिला, १९०२ साली केंब्रिज विद्यापीठाने एलएल.डी. दिली. यांतले आज कोणाच्या लक्षात आहे? लक्षात राहिली ती १९१९ साली कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेने दिलेली ‘राजर्षी’ ही पदवी. साहेबाचा किताब राज्यकर्त्या संस्थानिकाला होता. त्या जागी दुसरा कोणी असता तर त्यालाही तो मिळाला असता. कानपूरच्या लोकांकडे मात्र कारण होते. १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा आदेश, वसतिगृहे, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, अस्पृश्यतेविरुद्धची पावले, हे सारे त्या एका शब्दामागे उभे होते. आणि म्हणूनच शाहूंच्या चरित्रकारांना अडचणीचे विषय टाळावे लागले नाहीत. ब्रिटिशांशी त्यांचे असलेले संबंध, वेदोक्त प्रकरणात टिळकांशी आलेले वितुष्ट यांची चर्चा धनंजय कीरांपासून जयसिंगराव पवारांपर्यंत सगळ्यांनी केली आहे. त्याने ‘राजर्षी’ या शब्दाला ओरखडा उमटला नाही. कारण माहीत असलेला सन्मान चिकित्सेला घाबरत नाही, हे आमच्या गावाला अनुभवाने ठाऊक आहे. कारण नसलेल्या सन्मानाचे काय होते, तेही आम्ही पाहिले आहे. आज जिथे शिवाजी चौक आहे, तिथे एकेकाळी मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ च्या आंदोलनात तो विद्रूप केला गेला, आणि पुढे त्या जागी शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. विल्सनसाहेबांनी कोल्हापूरसाठी नेमके काय केले, हे तेव्हाही कोणी आवर्जून सांगितल्याचे ऐकिवात नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो सौम्य नाही. सन्मानाच्या प्रसंगी माणसाची उणीदुणी काढणे हा असंस्कृतपणा आहे. सनदेत ‘परंतु’ लिहायचा असेल तर सनद देऊच नये. लग्नपत्रिकेत वराचे दोष छापत नाहीत हे खरे. पण सनद ही लग्नपत्रिका नाही, ती प्रजासत्ताकाने आपल्या नागरिकांच्या वतीने दिलेली असते, आणि त्या नागरिकांत गोळी लागलेल्यांचे वारसही असतात. शिवाय सनदेत दोष लिहा, असे मी म्हणत नाही. कारण लिहा, एवढेच म्हणतो. कारण नीट लिहिले की त्याची मर्यादा आपोआप ठरते. ‘घटनेतील नागरी हक्कांचे पुनःस्थापन केल्याबद्दल’ असे मोरारजींच्या सनदेत असते, तर संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचा अवमान न होता त्यांचा यथोचित गौरव झाला असता. साहित्याच्या नोबेल पुरस्काराला एका वाक्याचे कारण जोडलेले असते. २०१९ साली पीटर हांडके यांना तो मिळाला तेव्हा जगभर गदारोळ झाला. युगोस्लाव्हियाच्या युद्धकाळात त्यांनी सर्बियाची बाजू घेतली होती, मिलोशेविचच्या अंत्यविधीला ते बोलले होते. तरी त्या वादाला धरायला एक वाक्य होते. भाषेसाठी पुरस्कार देताना लेखकाच्या राजकीय भूमिकेकडे दुर्लक्ष करता येते का, हा नेमका प्रश्न विचारता आला. आपल्याकडे तेवढेही हाताशी नसते.

२०२४ साली एका वर्षात पाच भारतरत्ने जाहीर झाली, त्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. मराठी वाचकाला हा माणूस परका नाही. हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’चा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला, रामटेकहून ते लोकसभेत गेले. १९९१ च्या आर्थिक सुधारणा त्यांच्या कारकिर्दीत झाल्या आणि ६ डिसेंबर १९९२ ही तारीखही त्यांच्याच कारकिर्दीत आली. सनद यांपैकी कशाबद्दल, हे वाचणाऱ्याने आपापल्या सोयीने ठरवावे.

आता घरचे अवघड उदाहरण. यशवंतराव चव्हाण यांना भारतरत्न द्यावे अशी मागणी महाराष्ट्रात वेळोवेळी होते. मला ती योग्य वाटते. आमच्या राजाराम महाविद्यालयाचे ते विद्यार्थी, म्हणून हा जिव्हाळा नाही. १९६० मध्ये स्थापन झालेले साहित्य संस्कृती मंडळ, तर्कतीर्थांच्या हाती सोपवलेले विश्वकोशाचे काम, आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांना फीमाफी, पंचायत राज्याची बांधणी, सहकारी साखर कारखानदारीला बळ, १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ ही यादी कोणत्याही सनदेला पुरेशी आहे. हे लिहिणारा आणि वाचणारे बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या मार्गाने या यादीचे लाभार्थी आहेत.

पण याच यशवंतरावांनी संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ येईल तर नेहरूंना निवडेन, अशी भूमिका घेतली होती. ‘मराठा’तून अत्र्यांनी तेव्हा त्यांच्यावर आणि मोरारजींवर जे आसूड ओढले ते मराठी गद्याच्या इतिहासाचा भाग आहेत. अत्र्यांचे अग्रलेख वाचून यशवंतराव समजत नाहीत, जसे गौरवग्रंथ वाचूनही समजत नाहीत. त्याहून गंभीर बाब आणीबाणीची. त्या काळात ते केंद्रात परराष्ट्रमंत्री होते आणि मंत्रिमंडळात राहिले. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन भरले. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष, यशवंतराव स्वागताध्यक्ष. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली, जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली, आणि पुढे त्यांना तुरुंगवास घडला. त्या मांडवात यजमान म्हणून यशवंतराव होते. संमेलनाला आमंत्रित करणारी रसिकता त्यांची, आणि ज्या सरकारविरुद्ध दुर्गाबाई बोलत होत्या त्या सरकारातील मंत्रिपदही त्यांचेच. कराडचा तो मांडव मराठी वाङ्मयीन इतिहासातला एक विलक्षण प्रसंग आहे. त्यातून यशवंतरावांना वगळून दुर्गाबाईंची गोष्ट सांगता येत नाही. मग दुर्गाबाईंना वगळून यशवंतरावांची का सांगावी? ‘महाराष्ट्राच्या शैक्षणिक, सहकारी व सांस्कृतिक संस्थांच्या उभारणीबद्दल’ असे लिहून त्यांना भारतरत्न दिले, तर मी टाळ्या वाजवीन. ‘थोर देशभक्त’ असे मोघम लिहून दिले तर, किंवा काहीच न लिहिता दिले तर, कराडच्या संमेलनाचे काय करायचे हा प्रश्न मला वर्गात दरवर्षी पडेल.

सावरकरांच्या बाबतीत हीच कसोटी अधिक कठीण होते. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने आपल्या संकल्पपत्रात महात्मा फुले, सावित्रीबाई आणि सावरकर यांच्या भारतरत्नासाठी प्रयत्न करण्याचे वचन दिले होते. तीन नावे एका ओळीत आली. ज्यांनी तिघांचेही लेखन वाचले आहे त्यांना त्या ओळीत अडखळल्यासारखे होईल. सावरकरांसाठी कोणते कारण लिहिणार? अंदमानातील यातना? रत्नागिरीतील पतितपावन मंदिर आणि जातिभेदविरोधी कार्य? १९३८ च्या मुंबई साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारा आणि ‘महापौर’, ‘दिनांक’ असे शब्द रुळवणारा भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता? की हिंदुत्वाची मांडणी? पहिल्या तिन्ही कारणांवर सहमती होणे शक्य आहे. चौथ्यावर देश दुभंगलेला आहे. शिवाय गांधीहत्येच्या खटल्यात ते निर्दोष सुटले तरी कपूर आयोगाने पुढे वेगळे मत नोंदवले, हाही अभिलेखाचा भाग आहे. मागणी करणाऱ्यांना यांपैकी कोणते कारण अभिप्रेत आहे, हे त्यांनी लिहून दाखवावे. मग विरोध करणाऱ्यांनाही सावरकर या नावाला विरोध करून सुटता येणार नाही, त्या लिहिलेल्या कारणाला उत्तर द्यावे लागेल.

मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने फुले दांपत्याला भारतरत्न द्यावे, असा ठराव एकमताने संमत केला. ठराव सभागृहात आला म्हणजे तो कामकाजाच्या नोंदीत गेला. उद्या कोणालाही तो काढून वाचता येईल. यशवंतरावांसाठीही असाच ठराव यावा, आणि त्यावरच्या चर्चेत कोणीतरी एका सदस्याने उठून कराडच्या संमेलनाचा उल्लेख करावा. तो कामकाजातून काढून टाकला जाऊ नये, एवढी दक्षता पीठासीन अधिकाऱ्यांनी घ्यावी.